नऊ एकांचा वर्ग

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर जगाला ६१७४ या संख्येमुळे माहीत आहेत. पण त्यांनी ज्या संख्यांना जीव लावला, त्यांतला आणखी एक प्रकार मला त्याहूनही देखणा वाटतो. ११ चा वर्ग करा, १२१ येतात. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. एकेक 'एक' वाढवत जा. उत्तर तितक्या पायऱ्या चढतं आणि तितक्याच उतरतं. कापरेकरांनी या कुळातल्या संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात 'डेम्लो' म्हटल्या जाणाऱ्या डोंबिवली स्टेशनात ही कल्पना त्यांना सुचली, म्हणून स्टेशनचं नाव संख्यांना मिळालं.

नऊ एकांवर या चढणीचं शिखर येतं. गुणाकार पाटीवर मांडला की एकाखाली एक नऊ ओळी होतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या रकान्यांच्या बेरजा उजवीकडून १, २, ३ अशा वाढत मधल्या रकान्यात ९ पर्यंत जातात आणि तशाच उतरतात. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही. म्हणून उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१, दोन्ही बाजूंनी वाचलं तरी तेच. दहावा एक जोडला की मधल्या रकान्यात १० होतात, हातचा पुढच्या घरात जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असं उत्तर येतं. आरसा तडकतो.

आता तोच नऊ एकांचा गुणाकार संगणकाला करायला सांगू. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये जावास्क्रिप्टला विचारलं तर उत्तर मिळतं १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटचा एक नाहीसा झाला, त्याच्या जागी शून्य आलं. एक्सेलला विचारलं तर १२३४५६७८९८७६५४३००, म्हणजे शेवटचे दोन अंक गेले. पायथनला विचारलं तर सगळे सतरा अंक जिथल्या तिथं. मशीन तेच, आतली चिप तीच, प्रश्न तोच, उत्तरं तीन. आणि तिन्ही वेळा संगणक आपल्याला सांगितलेल्या नियमाला अक्षरशः जागलेला असतो. तो नियम समजून घेतला की संख्या या गोष्टीकडेच नव्यानं बघावंसं वाटतं.

जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या ठेवायला ६४ बिट मिळतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक मावेल एवढी जागा. शाळेत आपण फार मोठी संख्या ६.०२ × १० चा २३ वा घात अशी लिहायला शिकतो. संगणकही तेच करतो, फक्त दहाच्या जागी दोनचे घात घेतो. ६४ पैकी एक बिट अधिक-उणे चिन्हाला, ११ बिट घातांकाला आणि उरलेले ५२ प्रत्यक्ष अंकांना. यात एक फार सुरेख युक्ती आहे. द्विमान पद्धतीत शून्याव्यतिरिक्त कुठल्याही संख्येचा पहिला अंक एकच असणार, कारण दुसरा पर्यायच नाही. जे नेहमी तेच असतं ते लिहायचं कशाला? म्हणून तो अंक साठवतच नाहीत, गृहीत धरतात. ५२ बिटांच्या जागेत ५३ अंक मावतात.

या मांडणीमागे ज्यांची बुद्धी सर्वांत जास्त खर्ची पडली ते बर्कलीचे गणितज्ञ विल्यम कहान. त्याआधी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची दशांशांची स्वतःची रीत होती. एका यंत्रावर बरोबर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर वेगळं उत्तर देई. कहान यांनी इंटेलच्या ८०८७ या चिपसाठी, जी १९८० साली आली, काम केलं आणि त्यातूनच १९८५ साली आयईईई ७५४ हे मानक ठरलं. १९८९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज आपल्या खिशातल्या फोनपासून हवामानाचे अंदाज काढणाऱ्या महासंगणकांपर्यंत दशांशांची बेरीज याच मानकानं होते.

५३ बिटांत पूर्णांक मोजत गेलं तर बिनचूक मोजणी २ च्या ५३ व्या घातापर्यंत चालते: ९००७१९९२५४७४०९९२. नव्वद कोटी कोटींहून किंचित जास्त. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकपासून परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, स्थानांची जी नावं दिली आहेत, त्यांत ही संख्या नऊ अंत्यांच्या जरा पुढे बसते. त्याच्याही वर मध्य आणि परार्ध ही दोन स्थानं उरतात. बाराव्या शतकातल्या त्या ग्रंथानं नाव देऊन ठेवलेल्या परार्धापर्यंत आजचा ब्राउझर साध्या संख्येनं एकेक करून मोजत जाऊ शकत नाही, हे मला विलक्षण वाटतं.

कारण त्या संख्येत १ मिळवला की उत्तर तीच संख्या येतं. पुन्हा मिळवा, पुन्हा तीच. समजा एक प्रोग्राम शून्यापासून सुरू करून सेकंदाला शंभर कोटी वेळा एक-एक मिळवत सुटला, तर सुमारे १०४ दिवसांत तो इथं पोचेल. आणि मग जगाच्या अंतापर्यंत मिळवत राहिला तरी एक पाऊल पुढे सरकणार नाही. ९००७१९९२५४७४०९९३ या संख्येला ५३ बिटांत जागाच नाही. इथून पुढे फक्त सम संख्या मावतात. आणखी दुप्पट पुढे गेलं की फक्त चारच्या पटीतल्या, मग आठच्या. कापरेकरांची सतरा अंकी संख्या नेमकी पहिल्या टप्प्यात, दोन-दोनच्या उड्यांच्या प्रदेशात पडते, आणि ती आहे विषम. तिच्या डावीकडे ३२० वर संपणारी संख्या, उजवीकडे ३२२ वर संपणारी, दोन्ही सारख्याच अंतरावर. अशा वेळी मानक सांगतं की ज्या संख्येचा शेवटचा बिट शून्य असेल तिच्याकडे जा. म्हणून ३२०. एक्सेल आतून हीच पद्धत वापरतं, पण पंधराच सार्थ अंक ठेवायचे असा त्याचा वर आणखी एक नियम आहे. म्हणून तिथं दोन शून्यं.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांत. एकूण दाणे १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतात, आणि ६४ बिटांत नुसते पूर्णांक ठेवले तर मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच आहे. एकही दाणा इकडे-तिकडे नाही. घरं चौसष्ट, बिट चौसष्ट. प्रत्येक बिट हे पटावरचं एक घर. पण हाच हिशेब जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येनं ठेवला तर? ५३ व्या घरापर्यंत दाण्याला दाणा जुळतो. ५४ व्या घराची भर पडताच बेरीज १८०१४३९८५०९४८१९८३ व्हायला हवी, ती विषम आहे, तिला जागा नाही, म्हणून एक दाणा वाढवून लिहिला जातो. पुढची दहा घरं तोच एक जास्तीचा दाणा वहीत राहतो, ना वाढतो ना कमी होतो. एवढ्या प्रचंड राशीत चूक फक्त एका दाण्याची आणि ती कुठल्या घरात झाली हेही सांगता येतं.

या संख्यांची वाटणी कशी झाली आहे, ते तर फारच सुंदर आहे. १ आणि २ यांच्या दरम्यान संगणकाला सुमारे ४५ कोटी कोटी वेगवेगळ्या संख्या माहीत असतात. २ आणि ४ यांच्या दरम्यानही तेवढ्याच. १०२४ आणि २०४८ यांच्या दरम्यानही नेमक्या तेवढ्याच. प्रत्येक दुपटीला सारखाच वाटा. त्यामुळे शून्याजवळ संख्या दाट आहेत आणि दूर जावं तशा विरळ होत जातात. सर्वांत टोकाला, म्हणजे १८ वर ३०७ शून्यं येतील एवढ्या लांब, शेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर असतं दोनवर २९२ शून्यं. संगणकाला माहीत असलेल्या धन संख्यांपैकी जवळजवळ निम्म्या ० आणि १ यांच्यामध्येच दाटीवाटीनं बसलेल्या आहेत.

एखादं अंतर, वजन, तापमान मोजायचं असेल तर ही व्यवस्था इतकी चांगली आहे की मला तरी तिच्याहून चांगली सुचत नाही. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत ग्रहांदरम्यानच्या प्रवासाच्या गणितासाठी पायची किंमत ३.१४१५९२६५३५८९७९३ घेतात, दशांशानंतर पंधरा अंक. व्हॉयेजर १ आपल्यापासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटर लांब आहे. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ घेऊन त्याचा परीघ या पंधरा अंकांनी काढला, तर पुढचे अंक सोडल्यामुळे होणारी चूक १.२ सेंटिमीटरच्या आसपास येते. बोटाच्या पेराएवढीही नाही.

म्हणजे पंधरा-सोळा अंक ग्रहांच्या पलीकडे गेलेल्या यानाला पुरून उरतात आणि बँकेच्या कार्डाच्या नंबराला पुरत नाहीत. माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयाचा गाभा इथंच आहे. संख्या दोन वेगळी कामं करते. एक, 'किती' हे सांगणं. दुसरं, 'नेमकं कोणतं' हे सांगणं. पहिल्या कामात शेवटचा अंक जवळजवळ बिनमहत्त्वाचा असतो. दुसऱ्या कामात तो पहिल्या अंकाइतकाच महत्त्वाचा असतो. कार्डाचा सोळा अंकी नंबर एक्सेलच्या साध्या रकान्यात लिहा. शेवटचा अंक मुकाट्यानं शून्य होईल आणि नंतर रकान्याचं स्वरूप बदलूनही परत येणार नाही. ट्विटरनं २०१० साली ट्वीटच्या क्रमांकांसाठी ६४ बिटांची नवी रीत सुरू केली, तेव्हा तेच क्रमांक ब्राउझरमध्ये गेले की शेवटचे अंक बदलत. क्रमांक बदलला की ते दुसरंच ट्वीट झालं. उपाय काय केला, तर प्रत्येक क्रमांक सोबत मजकूर म्हणूनही पाठवायला सुरुवात केली. ज्याची कधी बेरीज-वजाबाकी होणार नाही ते अंकांत लिहिलेलं असलं तरी नावच आहे, ते अक्षरांसारखंच ठेवावं. सोसायटीचा, पतपेढीचा, शाळेचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्या प्रत्येकानं लांब नंबर भरण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्यावा.

मोठ्या संख्यांची ही गोष्ट लहान संख्यांनाही तशीच लागू आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्ट ०.३०००००००००००००००४ देतं, पायथनही तेच देतं. दहा अंकांच्या पद्धतीत एक-तृतीयांश ०.३३३ असा न संपणारा होतो, तसा दोन अंकांच्या पद्धतीत एक-दशांश न संपणारा होतो. कुठेतरी तोडावाच लागतो, म्हणून आपण ०.१ लिहितो तेव्हा आत ०.१००००००००००००००००५५५१११५ असं काहीतरी साठतं. अर्धा, पाव, अष्टमांश मात्र तंतोतंत मावतात, कारण ते दोनच्या घातांचे भाग आहेत. आणि इथं आपल्याकडची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा होता. आणा म्हणजे ०.०६२५ रुपया, जुना पैसा म्हणजे त्याचा चौथा भाग. दोन्ही संगणकात एका बिटाचीही चूक न होता बसतात. (पै मात्र नाही, कारण ती रुपयाचा १९२ वा भाग आणि त्यात तीनचा भागाकार येतो.) आजचे दहा पैसे बसत नाहीत. म्हणून पैशांचे व्यवहार लिहिणारे जाणते प्रोग्रामर रुपये दशांशात ठेवत नाहीत, सगळी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवतात.

अशा बारीक तुटींकडे दुर्लक्ष केल्यानं काय होतं, ते कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअरबाजारानं पाहिलं. १९८२ साली १००० अंकांवर सुरू झालेला त्यांचा निर्देशांक १९८३ च्या नोव्हेंबरात ५२४ वर आला होता, बाजार तसा बरा चाललेला असूनही. प्रत्येक बदलानंतर निर्देशांकाचा चौथा दशांश जवळच्या अंकाला न नेता नुसता कापला जात होता. पुन्हा हिशेब केला तेव्हा खरा आकडा १०९८ च्या पुढे निघाला.

आणि सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये किंमत माणसांनी मोजली. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध. तिथल्या अमेरिकी पॅट्रियट यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत टिकटिक मोजत होतं आणि त्याला ०.१ नं गुणून सेकंद काढत होतं. ते ०.१ चोवीस बिटांत कापून ठेवलेलं. एका टिकेमागे चूक साधारण ०.०००००००९५. यंत्रणा सुमारे शंभर तास न थांबता चालू होती, म्हणजे छत्तीस लाख टिका. गुणाकार करून पाहा: ०.३४ सेकंद. सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगानं येणारं स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेनं आकाशात चुकीच्या जागी पाहिलं, तिथं काही दिसलं नाही, आणि स्कड बराकीवर पडून २८ सैनिक गेले. दुरुस्त केलेला प्रोग्राम धहरानला पोचला तो दुसऱ्या दिवशी.

मग पायथनला सतरा अंक कसे जमले? पूर्णांकांसाठी तो ६४ बिटांची चौकट मानतच नाही. मोठी संख्या तो ३० बिटांच्या खणांत चिरून ठेवतो, हवे तितके खण जोडतो, आणि बेरीज-गुणाकार करताना एका खणातून दुसऱ्यात हातचा नेतो. तिसरीतलं मूल वहीवर जे करतं तेच, फक्त दहाऐवजी सुमारे १०७ कोटींच्या पायावर. जावास्क्रिप्टलाही २०२० पासून 'बिगइंट' नावाची हीच सोय मिळाली. नऊ एकांच्या मागे रोमन लिपीतलं 'एन' अक्षर जोडलं की तिथंही पूर्ण उत्तर येतं. मर्यादा उरते ती मेमरीची आणि वेळेची.

वेळेचा प्रश्न खरा आहे. हजार अंकी दोन संख्यांचा शाळेच्या रीतीनं गुणाकार म्हणजे दहा लाख छोटे गुणाकार. अंक दुप्पट केले की काम चौपट. माणूस हजारो वर्षं असाच गुणत आला, तेव्हा याहून सोपी वाट नसणारच, असं आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्यासारख्या थोर गणितज्ञालाही वाटत होतं. १९६० साली मॉस्को विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात त्यांनी तसा अंदाज मांडला. समोर बसलेल्या २३ वर्षांच्या अनातोली करात्सुबानं आठवड्याच्या आत तो खोटा ठरवला.

त्याची रीत कागदावर करून पाहण्यासारखी आहे. ४७ × ८३ घ्या. शाळेत चार गुणाकार करतो: ४×८, ४×३, ७×८, ७×३. करात्सुबा तीनच करतो. ४×८ = ३२. ७×३ = २१. आणि (४+७) × (८+३) = १२१. यातून ३२ आणि २१ वजा केले की ६८ उरतात, आणि हीच मधल्या दोन गुणाकारांची बेरीज. ३२००, ६८० आणि २१ मिळवा: ३९०१. एक गुणाकार वाचला. संख्या लांब असेल तर तिचे दोन भाग, त्या भागांचे पुन्हा दोन भाग, आणि दर पायरीला एक गुणाकार वाचतो. १०२४ अंकी दोन संख्यांना शाळेच्या रीतीनं १०,४८,५७६ छोटे गुणाकार लागतात. या रीतीनं ५९,०४९. कोल्मोगोरोव इतके हलले की त्यांनी पुढच्या बैठकीत ही रीत सांगून ते चर्चासत्रच संपवलं, आणि १९६२ साली करात्सुबाच्या नावानं त्यावरचा लेख स्वतः लिहून छापायला दिला. करात्सुबाला ते छापील प्रती हातात आल्यावर कळलं. पायथन मोठ्या संख्यांसाठी आजही हीच रीत वापरतो.

इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांत वापरली जाणारी आरएसए किल्ली साधारणपणे २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी संख्या असते आणि तिचा शेवटचा अंक चुकून चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, आजवर माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. पानाला तीन हजार अंक छापले तर साडेतेरा हजारांहून जास्त पानं लागतील. पण द्विमान पद्धतीत ती लिहिली तर तिच्यात एकही शून्य नाही. ओळीनं १३,६२,७९,८४१ एक, बस्स. एकांच्या ओळींवर प्रेम करणाऱ्या कापरेकरांना ती दाखवायला हवी होती, असं मनापासून वाटतं.

करात्सुबानंतर १९७१ साली शोनहागे आणि स्ट्रासेन यांनी आणखी वेगवान रीत काढली आणि अंदाज केला की अंक दुप्पट झाल्यावर काम दुपटीहून जरासंच वाढावं, इतकी चांगली रीत असली पाहिजे. ती २०१९ साली डेव्हिड हार्वे आणि योरिस व्हान डेर हूव्हन यांना सापडली. त्यांच्या सिद्धतेत १७२९ मिती येतात, रामानुजनांच्या गोष्टीतल्या टॅक्सीचा तोच क्रमांक. इतक्या मितींमुळे ही रीत ज्या लांबीच्या संख्यांवर लागू पडते, तेवढे अंक लिहायला हे दृश्य विश्व अपुरं पडेल. त्यामुळे कुठल्याही प्रत्यक्ष संगणकात ती वापरलेली नाही. आणि याहूनही वेगानं गुणाकार होऊच शकत नाही, हे अद्याप कोणी सिद्ध केलेलं नाही. तिसरीत शिकलेल्या गुणाकाराचा हा प्रश्न अजून उघडा आहे. गणिताची आवड असलेल्या मुलांना तो जरूर सांगा.